पाच कॉम्प्युटरांची निवडणूक

"डॉक गेला," हिशेब विभागाचे गाडेकरसाहेब फोनवर म्हणाले.

"गेला म्हणजे बंद पडला का?"

"बंद कशाला पडतोय. मी आत्ता खिडकीतून बघतोय, त्यांचा कॉम्प्युटर चालू आहे. पण माझ्या स्क्रीनवर तो नाही."

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. माझा चहा संपायच्या आत पुन्हा फोन वाजला. या वेळी डॉकवरून चोळकेनाना.

"काय वो इंजिनिअर, हिशेबवाले कुठं गेले? आमच्या मशीनवर कोनीच न्हाई. आमी एकटेच हावोत."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. राहात्याजवळच्या एका दूध संघात आम्ही चार कॉम्प्युटर बसवले होते. एक डॉकवर, म्हणजे जिथे गावोगावचे कॅन उतरतात तिथे. एक लॅबमध्ये, जिथे दुधाचं फॅट तपासतात. एक हिशेब विभागात आणि एक चेअरमनच्या ऑफिसात. लॅबने काढलेले आकडे डॉकला आणि हिशेबाला आपोआप मिळावेत, एवढंच काम होतं. त्यासाठी चौघांनी एकमेकांना दिसायला हवं. ते कधी दिसायचे, कधी नाही.

'आम्ही' म्हणजे मी आणि दिलीप. नगरला सावेडीत आमचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. मी वाचायचो आणि दिलीप हाताने करायचा, अशी साधारण वाटणी होती. मी प्रत्येक मशीनचं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचायला घेतो म्हणून तो मला प्रोफेसर म्हणायचा. यंदाच्या उन्हाळ्यात दिलीप गेला. त्याच्याविषयी काही लिहावं असं मनात आलं तेव्हा ही गोष्ट सर्वांत आधी आठवली, कारण हिच्यात तो खूप हसतो.

त्या वेळी आमच्या दुकानाची परिस्थिती बेताची होती. दिलीपला पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. दूध संघाचं काम उभं राहिलं तर तो नगरला राहणार, नाही तर पुण्याला जाणार, असं आमचं बोलणं झालं होतं. तो पुण्याला गेला असता तर मला एकट्याला दुकान चालवता आलं नसतं. मी वायर जोडायला बसलो तर ती जोडण्याआधी तिच्याविषयी वाचत बसतो.

चारही मशीनवर आम्ही लिनक्स टाकलं होतं. तेव्हा लिनक्सची सीडी कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट यायची. संघाच्या चेअरमनना, म्हणजे आबांना, मी हे सांगितलं तेव्हा ते सावध झाले होते.

"फुकट हाय?"

"हो आबा."

"आन् चोरीचं न्हाई?"

"नाही. फुकटच वाटतात ते."

"मंग बसवा की."

आता हे कॉम्प्युटर एकमेकांना ओळखतात कसे, ते थोडक्यात सांगतो. चारही मशीन एकाच काळ्या वायरीवर होती. प्रत्येकाला एक नंबर होता, पण माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत. म्हणून आम्ही त्यांना नावंही दिली होती: डॉक, लॅब, हिशेब, ऑफिस. मशीन चालू झालं की ते वायरीवर ओरडून सांगतं, मी डॉक, मी आलोय. मग अधूनमधून पुन्हा सांगत राहतं. हे आवाज ऐकून कुणीतरी एकाने हजर असलेल्यांची यादी ठेवायची असते. ती यादी ठेवणाऱ्या मशीनला मास्टर म्हणतात. बाकीची मशीन त्याला विचारतात, आज कोण कोण आहे? मी स्क्रीनवर एक सोपा मेनू करून दिला होता. त्यात 'हजेरी' म्हटलं की सगळी नावं यायची. नाव निवडायचं आणि आकडे पाठवायचे.

ही हजेरीच लागत नव्हती.

आम्ही तारकपूर स्टँडवरून पहिली एसटी पकडून गेलो. तपासणीसाठी दुकानातला एक कॉम्प्युटरही खोक्यात घालून नेला. ते मशीन दिलीपने स्वतःसाठी जुळवलेलं होतं आणि त्याला नावही त्याने स्वतःचंच दिलं होतं, दिलीप. दिलीपच्या मते दोष वायरीत होता. त्या प्रकारच्या वायरीला दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी टोपणं बसवावी लागतात. टोपण निघालं की सगळं नेटवर्क मुकं होतं. मधल्या प्रत्येक मशीनला वायर एका टी आकाराच्या जोडाने लावलेली असते. दिलीपने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एकेका टेबलाखाली शिरत गेला. दुपारपर्यंत त्याने सगळे जोड बघितले. केसांत जाळी घेऊन तो हिशेबाच्या टेबलाखालून बाहेर आला.

"वायर चांगली आहे," तो जरा निराश होऊन म्हणाला.

मला ते आधीच वाटत होतं. मशीनला नंबराने हाक मारली की लगेच उत्तर येत होतं. नावाने मारली की मात्र भरवसा नव्हता. म्हणजे रस्ता ठीक होता, यादीत घोळ होता. पण तो कसला, ते कळत नव्हतं. आम्ही बघत असतानाच हजेरीत सगळी नावं आली, आम्ही चहाला गेलो, परत येऊन बघतो तर पुन्हा एकच.

लॅबमधल्या शैला मॅडम नमुन्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत आमची धावपळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक दिसला की मी डॉकला पाठवते, हिशेब दिसला की हिशेबाला. दोघं एकदम कधी दिसत नाहीत. कँटीनमध्येपण नाही दिसत."

दिलीप हसला. मीही हसलो. त्यात उत्तर होतं हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

निघताना आबांनी बोलावलं.

"सोमवारी संचालक मंडळाची बैठक हाय. तवर हजेरी लागली तर बरं. न्हाई तर मला तुमची मशिनं परत न्या म्हनावं लागंल. राग मानू नका. फ्लॉपी घेऊन माणूस पळवायचा, तर कॉम्प्युटर कशाला घेतला, आसं लोक इचारत्यात."

त्यांचं काही चुकत नव्हतं. खोक्यातून आणलेलं आमचं मशीन आम्ही लॅबमध्येच जोडून ठेवलं आणि परतीच्या एसटीत बसलो. दिलीपच्या मांडीवर पेरूंची पिशवी होती. गावातल्या कुणीतरी दिली होती. त्याला कुणीही काहीही द्यायचं.

"पुण्यालाही सोमवारपर्यंतच कळवायचंय," पेरू खाता खाता तो म्हणाला. "मग काय प्रोफेसर, मी शिवाजीनगरला, तुम्ही सावेडीत. रविवारी भेटायला येत जाईन. पेरू आणीन."

मी मॅन्युअल वाचत होतो. यादी ठेवणाऱ्या प्रोग्रामचं मॅन्युअल मी दुकानातल्या प्रिंटरवर लांबलचक कागदावर छापून घेतलं होतं. त्याची पानं एकमेकांना जोडलेली होती आणि उलगडली की शेजारच्या प्रवाशाच्या मांडीवर जायची. कोल्हारच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा मला हवी ती ओळ सापडली.

मास्टर कोण हे मशीन आपापसात निवडणूक घेऊन ठरवतात. मी हे सजवून सांगत नाही, मॅन्युअलमधला शब्दच इलेक्शन असा आहे. प्रत्येक मशीनकडे वजनाचा एक आकडा असतो. ज्याचा मोठा, तो निवडून येतो. आकडे सारखे असले तर जे जास्त वेळ चालू आहे ते. इतपत मला माहीत होतं. आम्ही सगळ्यांचे आकडे सारखे ठेवले होते, त्यामुळे सकाळी जो आधी चालू होईल तो मास्टर. त्यात वाईट काही नव्हतं. पण पुढे लिहिलं होतं, की एखाद्या मशीनला 'मलाच मास्टर व्हायचंय' असंही सांगून ठेवता येतं. ते एकाच मशीनला सांगावं. दोघांना सांगितलं तर दोघं पुन्हा पुन्हा निवडणूक लावत राहतात, आणि सत्ता बदलली की नव्या मास्टरची यादी कोरी असते. ती भरेपर्यंत कुणी कुणाला दिसत नाही.

मी कागद दिलीपसमोर धरला. त्याने वाचला आणि पेरू चावायचा थांबला.

"मी फक्त फाइल कुठे असते ते दाखवलं होतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"ज्याने विचारलं त्याला."

दिलीपचं आजोळ शनिशिंगणापूरचं. सुट्टीत तो जिथे वाढला त्या घराला दार नव्हतं. कदाचित त्यामुळे असेल, पण त्याने कुठल्याही मशीनला कधी पासवर्ड घातला नाही. कुलूप दिसलं की माणसाला फोडावंसं वाटतं, असं त्याचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी हिशेब विभागात गेलो. फाइल उघडली. 'मलाच मास्टर व्हायचंय' ही ओळ होती आणि वजनाचा आकडा शंभर होता.

"हा आकडा कुणी वाढवला?" मी विचारलं.

"मी सांगितला वाढवायला," गाडेकरसाहेब चष्मा पुसत म्हणाले. "नानांनी त्यांचा ऐंशी केला असं समजलं."

"कुठून समजलं?"

"कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

झालं होतं असं. मशीन बसवली त्या दिवशी दिलीपने गप्पांच्या ओघात सांगितलं होतं, की सध्या हिशेबाचं मशीन मास्टर आहे. ते नानांच्या कानावर गेलं. हिशेब विभाग वरचा आणि डॉक खालचा, हे नानांना मान्य नव्हतं. नानांनी ती ओळ घालून घेतली आणि आकडा वाढवला. ते गाडेकरांना कळलं. त्यांनीही तेच केलं. दोघांपैकी कुणालाही मास्टर म्हणजे नक्की काय हे माहीत नव्हतं. दुसरा नको, एवढं माहीत होतं.

आम्ही डॉकवर गेलो. नाना कॅन मोजून घेत होते.

"नाना, हिशेबाने शंभर केलाय," दिलीप म्हणाला. सांगायला नको होतं.

"शंभर केला व्हय?" नाना ऑपरेटरकडे वळले. "लिव्ह रं दीडशे."

"नाना, थांबा, ऐका..."

"दिलीपराव, तुमीच शिकिवलं आमाला. आता का थांबा?"

आम्ही मीटर बोर्डाशी उभं राहून काय करावं ते बोलत होतो तेवढ्यात हिशेबात दोनशे झाले. मग डॉकवरून नाना बाहेर आले आणि तक्रार करू लागले, की आकडा दोनशे पंचावन्नच्या पुढे जात नाही, मशीन कमी प्रतीचं दिलंय. दोनशे पंचावन्न ही त्या आकड्याची मर्यादाच होती. थोड्या वेळात हिशेबही तिथे पोचला. आता दोघं बरोबरीत. बरोबरी झाली की जास्त वेळ चालू असलेलं मशीन जिंकतं, हेही दिलीपने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

"नाना, तुमचं मशीन रात्रीपण चालू असतं का?" मी विचारलं.

"बंदच करीत न्हाई. आठवडा झाला. पन काय वो, हिशेब इभाग उघडला की आमचा फ्यूज जातो. रोज. वायरमनला कारन सापडंना."

मी मीटर बोर्डाकडे बघितलं. तो हिशेब विभागाच्या दाराला लागूनच होता. दिलीपने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

मी आबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, निवडणुकीचा भाग समजावायला वेळ लागेल. मी दुसऱ्या वाक्यावर असताना आबांनी हात वर केला.

"म्हंजे पॅनल पडलेत दोन. गेल्या साली कामगारांच्या पतसंस्थेला हे दोघं समोरासमोर हुते. एकानं पाडला, दुसरा पडला. तवापासून बोलनं न्हाई." मग त्यांनी विचारलं, "बरं, बरोबरीत मतं पडली तर तुमच्यात काय करत्यात?"

"जो जास्त वेळ चालू आहे तो."

"ज्येष्ठता. बरोबर हाय. आन् इलाज?"

"तिसऱ्या मशीनला मास्टर करायचं. या दोघांनी माघार घ्यायची. फक्त ते मशीन कायम चालू असायला हवं."

लोडशेडिंगच्या त्या दिवसांत कायम चालू असणारं मशीन एकच होतं. नमुन्यांच्या फ्रीजमुळे लॅबला जनरेटरची लाइन होती. आबांनी शैला मॅडमना बोलावलं.

"शैलाताई, तुमी उभं ऱ्हायचं."

"आबा, मला नको ते. मला कामं आहेत."

"म्हनून तर तुमी."

मग नाना आणि गाडेकरसाहेब आले. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. आबांनी चहा मागवला आणि तो पिऊन होईपर्यंत ते विषयावर आले नाहीत. मशीन परत गेली तर उद्यापासून फॅटचे आकडे फ्लॉपीवर न्यावे लागतील, आणि ती फ्लॉपी ते दोघं एकमेकांच्या हातात स्वतः देतील, असं त्यांनी सांगितलं. दोघंही अस्वस्थ झाले.

"लॅबला माझा विरोध नाही," गाडेकर म्हणाले. "पण आधी त्यांनी आकडा कमी करावा."

"आमी का म्हनून आधी?" नाना म्हणाले. "आमी कमी केला आन् ह्येंनी न्हाई केला, तर?"

"तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"आन् रोज फ्यूज कोन काढतं वो?"

आबांनी टेबलावर हात ठेवला. "मी इतक्या निवडणुका लढलो, एकदाबी बिनविरोध झालो न्हाई. निदान मशीन तरी हू द्या. दोघांनी एकदम अर्ज मागं घ्यायचे. मी मधी उभा ऱ्हातो."

तसंच झालं. डॉकचं दार आणि हिशेबाचं दार एकाच बोळात समोरासमोर उघडायचं. दोन्ही दारं सताड उघडली. आत दोन ऑपरेटर कीबोर्डवर बोटं ठेवून बसले. एकाशेजारी मी उभा राहिलो, एकाशेजारी दिलीप. आबा बोळात मधोमध उभे राहिले. कॅन उतरवणारी माणसंही काम थांबवून बघायला आली.

"घ्या मागं!" आबा म्हणाले.

दोन्हीकडून टकटक झाली. ओळ गेली, आकडा खाली आला. लॅबच्या मशीनवर ती ओळ आम्ही आधीच घालून ठेवली होती. आम्ही प्रोग्राम पुन्हा सुरू केले आणि सगळे लॅबमध्ये जमलो. शैला मॅडमनी हजेरी घेतली. स्क्रीनवर एकच नाव होतं, लॅब.

"आता थांबायचं," मी सांगितलं. "नवी यादी भरायला वेळ लागतो."

थांबलो. ऑफिस आलं. मग हिशेब आला. मग दिलीप आला, म्हणजे आमचं मशीन. डॉक येईना. मी पुन्हा हजेरी घेतली. चार नावं. आणखी थोडं थांबलो. चारच.

"बघा," गाडेकरसाहेब म्हणाले. "मी म्हणालो होतो. त्यांनी मागे घेतलाच नाही."

"घेतला की! आबांच्या समोर घेतला!" नानांचा आवाज चढला.

आबा माझ्याकडे बघत होते. आतापर्यंत ते हसत होते, आता हसत नव्हते. मी मॅन्युअलचं पान शोधायला लागलो. दिलीप मात्र लॅबमधून निघून गेला होता. आम्ही सगळे त्याच्या मागे डॉकवर पोचलो तेव्हा त्याचे पायच काय ते टेबलाखालून दिसत होते.

"नाना," तो खालूनच ओरडला, "टेबल कुणी फिरवलं?"

नाना जरा घुटमळले. "मीच. आत्ताच. ते खिडकीतून आमच्या स्क्रीनवर नजर ठिवत्यात. म्हनलं, मागं घेतला त्ये घेतला, आता त्यांना दिसाया नको."

टेबल ओढताना वायर ताणली गेली होती आणि टीचा जोड मशीनमधून निसटला होता. दिलीपने तो अंगठ्याने दाबून फिरवला. कट् असा आवाज आला. तो बाहेर आला, पुन्हा केसांत जाळी, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "प्रोफेसर, मी सांगत होतो ना, वायरच आहे!"

आम्ही लॅबमध्ये परतलो तोवर हजेरीत पाच नावं होती. शैला मॅडमनी सकाळचे आकडे डॉकला पाठवले, हिशेबाला पाठवले आणि पुढच्या बाटलीकडे वळल्या. कॅनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बिनविरोध निवडून आलेल्या उमेदवाराचा सत्कार व्हायला हवा असं कुणीतरी म्हणालं, आणि नानांनी खरोखरच लॅबच्या मॉनिटरला झेंडूचा हार आणून घातला. गाडेकरसाहेबांनी दुसरा आणला, थोडा मोठा.

आम्ही आमचं मशीन बंद करून खोक्यात भरत होतो. आबा स्क्रीनसमोर उभे होते.

"दिलीपराव, तुमी तर खोक्यात गेला. आन् हितं हजेरीत तर हाय की तुमचं नाव."

"राहतं थोडा वेळ, आबा," दिलीप खोक्याला सुतळी बांधत म्हणाला. "मास्टर लगेच नाव काढत नाही. तीन वेळा वाट बघतो. आवाज नाहीच आला, तर मग काढतो."

"आमच्या मतदारयादीत तर पिढ्यान् पिढ्या ऱ्हात्यात," आबा म्हणाले. "कवाकवा येऊन मत बी देत्यात."

दिलीप इतका हसला की सुतळीची गाठ सुटली.

सोमवारच्या बैठकीत काम मंजूर झालं. संध्याकाळी दिलीपने दुकानातूनच पुण्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. मी समोर बसलो होतो. फोन ठेवून तो म्हणाला, "पेरू लांब पडले असते." एवढंच. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही ते दुकान चालवलं. नाना आणि गाडेकरसाहेब निवृत्त होईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, पण त्यांची मशीन बोलत राहिली. फ्यूज पुन्हा गेला नाही.

या कामातून मी एक नियम शिकलो आणि पुढे पाळला. कुठल्याही ऑफिसात नेटवर्क लावायला गेलो, की वायर मोजण्याआधी कँटीनमध्ये चहा प्यायचा आणि कोण कुणाशी बोलत नाही ते विचारून घ्यायचं. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नसतं.

गेल्या आठवड्यात दुकानाचा बोर्ड रंगवायला पेंटर आला होता. बोर्डावर आमची दोघांची नावं आहेत. शिडीवर चढण्याआधी त्याने विचारलं, "साहेब, आता एकच नाव घ्यायचं ना? मोठं बसेल, लांबून दिसेल."

"दोन्ही राहू दे," मी म्हणालो.

"अक्षरं बारीक होतील."

"होऊ दे. काढायची घाई नाही."